दोष कुणाचा, असं विचारण्याआधी



लॅपटॉप मध्येच बंद पडतो, यावर भक्तिपर लेख कसा काय लिहिता येईल, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही तसंच वाटलं असतं. पण यंदाच्या उपवासकाळात आमच्या पॅरिश ऑफिसातल्या लॅपटॉपनं आम्हाला एक धडा दिला. तो सांगताना आमची मान खाली जाते, म्हणूनच सांगायचं ठरवलं आहे.

आम्ही म्हणजे ऑफिसात बसणारे तीन स्वयंसेवक. दोघं निवृत्त, एक जण शाळेत शिकवणारी. आमच्या बेळगावात पॅरिशचं साधं पत्रकसुद्धा तीन भाषांत निघतं. मराठी, कोंकणी आणि इंग्रजी. दर गुरुवारी संध्याकाळी पत्रक तयार करायचं, शुक्रवारी छापायला द्यायचं, रविवारी मिस्सेनंतर वाटायचं. शिवाय बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाच्या घोषणा, पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या मुलांची यादी, वर्गणीचा हिशेब. हे सगळं एकाच लॅपटॉपवर. या कामात आम्हाला चौथा हात होता, एक कॉलेजात जाणारा मुलगा. त्याचं नाव इथं लिहीत नाही. कॉम्प्युटरचं जे आम्हाला येत नव्हतं, ते सगळं तो करायचा. पैसे घेत नव्हता, चहासुद्धा आग्रह केल्यावरच घ्यायचा.

उपवासकाळ सुरू झाला आणि लॅपटॉपनं त्रास द्यायला सुरुवात केली. पत्रक टाइप करताना खिडकी अचानक नाहीशी व्हायची. कधी वर्ड बंद पडायचं, कधी इंटरनेटचा ब्राउझर, कधी छपाईआधी पीडीएफ उघडताना. एकदा तर सगळा पडदा निळा झाला आणि लॅपटॉप आपोआप परत सुरू झाला. कुठलाच नियम दिसेना. सकाळी तीन तास नीट चालायचा, संध्याकाळी दहा मिनिटांत दोनदा बंद. क्रूसाच्या वाटेची चौदा स्थानं टाइप करून झाली होती. तेराव्यापर्यंतची उडाली आणि आम्ही परत पहिल्यापासून बसलो.

अशा वेळी माणूस काय करतो? आधी बंद करून सुरू करतो. मग चार्जर हलवून बघतो. मग येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो. आमच्याकडे प्रत्येकाचं वेगळं निदान होतं. व्हायरस असेल. लाइटीचा दाब कमी-जास्त होत असेल. लॅपटॉप म्हातारा झाला, नवीन घ्या. आणि मग कुणीतरी विचारलं, "हल्ली यावर कुणी काही घातलं होतं का?"

घातलं होतं. जानेवारीत त्या मुलानं मराठी टायपिंगचा एक मोफत कीबोर्ड घातला होता. आमच्या जुन्या फॉन्टमधली अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर गेली की त्यांची खिचडी व्हायची, म्हणून त्यानं युनिकोडची सोय करून दिली होती. आम्हीच त्याला तसं सांगितलं होतं. पण त्या संध्याकाळी ते आम्हाला आठवलं नाही. आठवलं एवढंच, की त्यानं काहीतरी घातलं आणि त्यानंतर हे सुरू झालं.

आम्ही त्याला विचारलं. विचारलं म्हणजे काय, सुनावलंच. ऑफिसात फादर होते, गायनमंडळाचे दोघं होते. "अरे, देवळाच्या मशीनवर असले फुकटचे प्रोग्रॅम घालायचे असतात का? आम्हाला न विचारता?"

तो म्हणाला, "अंकल, मी फक्त कीबोर्ड घातलाय. त्यानं असं होत नसतं."

"मग कशानं होतं?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडेही नव्हतं. पण उत्तर नसण्याचा दोष त्याच्या वाट्याला गेला. त्यानं मुकाट्यानं कीबोर्ड काढून टाकला, सोबत आपण घातलेला फोटोंचा छोटा प्रोग्रॅमही काढला, आणि "गुड नाइट फादर, गुड नाइट आंटी" म्हणून गेला. पुढच्या गुरुवारी आला नाही.

आणि त्यानंतर चार दिवस लॅपटॉप एकदाही बंद पडला नाही! आम्ही फादरांना अभिमानानं सांगितलं, "बघा, रोग सापडला." कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली होती, हे तेव्हा कळलं नाही. त्या चार दिवसांत फादर साधनेसाठी बाहेरगावी गेले होते, ऑफिस अर्धा-अर्धा तासच उघडत होतं आणि लॅपटॉपवर कुणी फारसं काही केलंच नव्हतं. काम नव्हतं म्हणून बिघाड दिसला नाही, आणि त्या शांततेलाच आम्ही पुरावा मानलं.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी पवित्र सप्ताहाचं आठ पानी पत्रक तयार होत होतं. फोटो होते, वेळापत्रक होतं, तीन भाषा होत्या. सातव्या पानावर पडदा निळा झाला. परत सुरू केला, वीस मिनिटांत परत तेच. शेवटी रविवारचं वेळापत्रक आम्ही कागदावर हातानं लिहून झेरॉक्स केलं. रात्री साडेनऊला झेरॉक्सचा गठ्ठा बांधताना आमच्यातली एक जण म्हणाली, "कीबोर्ड तर काढला. मग त्या पोराचा दोष काय होता?"

कुणी उत्तर दिलं नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक जन्मांध माणूस आहे. त्याला बघून शिष्य प्रभू येशूला विचारतात, की पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? प्रभू सांगतो, दोघांचंही नाही. हा प्रसंग आम्ही उपवासकाळात किती वेळा ऐकला असेल. पण त्या रात्री एक गोष्ट पहिल्यांदा ध्यानात आली. दोषी कोण असू शकतो याची शिष्यांकडे यादी आहे. यादीत आंधळा आहे, त्याचे आईबाप आहेत. विचारणारे मात्र त्या यादीत नाहीत.

रविवारी दुपारी आम्ही ऑफिस उघडलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी कुणाला विचारायचं नाही, लॅपटॉपलाच विचारायचं असं ठरलं.

ज्यांच्याकडे विंडोजचा लॅपटॉप आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. विंडोज स्वतःच्या पडण्या-धडपडण्याची रोजनिशी ठेवतं, हे आम्हाला माहीतच नव्हतं. स्टार्टच्या शोधपट्टीत 'रिलायबिलिटी' एवढा शब्द टाइप केला की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' असं दिसतं. ते उघडलं की दिवसांचे रकाने असलेला तक्ता येतो. १ ते १० च्या मापावर एक रेघ वर-खाली जाते. ज्या दिवशी काही बंद पडलं त्या दिवशी लाल फुली असते. कुठला प्रोग्रॅम कधी घातला, कुठलं अपडेट कधी आलं, तेही त्याच तक्त्यात खाली लिहिलेलं असतं.

आम्ही तो तक्ता मागे मागे सरकवत गेलो. मार्च फुल्यांनी भरलेला. फेब्रुवारीत थोड्या. जानेवारीच्या ११ तारखेला कीबोर्ड घातल्याची नोंद. आम्ही आणखी मागे गेलो. ५ जानेवारीला एक फुली. २७ डिसेंबरला एक फुली.

कीबोर्ड येण्याच्या पंधरा दिवस आधी लॅपटॉप बंद पडला होता. आणि ती संध्याकाळ आम्हाला आठवलीसुद्धा. नाताळच्या हिशेबाला बसलो होतो, पडदा काळा झाला, आणि "चार्जर सैल असेल" म्हणून आम्ही विसरून गेलो होतो. त्या मुलाच्या निर्दोषपणाचा साक्षीदार तीन महिने आमच्याच टेबलावर बसून होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आता खरं कारण शोधायचं होतं. आम्ही शंभर पानी वही घेतली आणि रकाने आखले. तारीख, वेळ, काय काय उघडं होतं, चार्जर लावलेला होता की नव्हता, शेवटचं काय केलं. आणि एक नियम केला, की एका वेळी एकच बदल करायचा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि लॅपटॉप सुधारला, तरी कशानं सुधारला ते कळत नाही. आमची आधीची चूक तीच होती.

तक्त्यातून फुलीवर क्लिक केलं की तपशील येतो. तोच तपशील 'इव्हेंट व्ह्यूअर' या जागीही मिळतो. तिथं 'ॲप्लिकेशन एरर', क्रमांक १०००, अशा नोंदी होत्या. प्रत्येक नोंदीत दोन नावं असतात. एक, कुठला प्रोग्रॅम पडला. दुसरं, त्याच्या आतला कुठला भाग अडखळला, म्हणजे 'फॉल्टिंग मॉड्यूल'. एखादाच प्रोग्रॅम सारखा त्याच भागापाशी पडत असेल, तर संशय त्या प्रोग्रॅमवर किंवा त्याला जोडलेल्या एखाद्या पुरवणीवर घ्यायचा. आमच्या वहीत मात्र प्रोग्रॅम दर वेळी वेगळा आणि अडखळणारा भागही वेगळा. आज वर्ड, उद्या ब्राउझर, परवा खुद्द विंडोजचीच फाइल. सगळे एकाच वेळी बिघडतील कसे? सगळ्यांच्या पायाखाली जे आहे, तेच हलत असणार.

तरीही एकेक पायरी केली. प्रोग्रॅम सेफ मोडमध्ये चालवून बघितला, फरक नाही. लॅपटॉप सुरू होताना आपोआप चालू होणाऱ्या बाहेरच्या गोष्टी बंद करून बघितल्या, फरक नाही. विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासणारा सिस्टीम फाइल चेकर चालवला, त्यानं काही दुरुस्त्या केल्या, पण संध्याकाळी परत फुली. डिस्क तपासली, ती ठणठणीत. पंख्याची जाळी ब्रशनं साफ केली. धूळ भरपूर निघाली, दोष तिथं नव्हता.

मग वहीकडे नीट पाहिलं. एकटी वर्डची फाइल उघडी असताना लॅपटॉप क्वचितच पडला होता. पत्रक, पंचवीस फोटो, ब्राउझर आणि हिशेब एकदम उघडे असले की हमखास पडायचा. म्हणजे जितकी जास्त मेमरी वापरात, तितका धोका मोठा.

मेमरी, म्हणजे रॅम. सगळे प्रोग्रॅम काम करताना आपल्या गोष्टी तात्पुरत्या जिथं ठेवतात ती जागा. त्यातला एखादा कण बिघडला तर काय होतं? आमच्या ऑफिसातल्या बाप्तिस्म्याच्या जुन्या रजिस्टरचा विचार करा. बेळगावच्या पावसात त्याच्या एका पानाला ओल लागली आणि शाई पसरली. बाकी चारशे पानं स्वच्छ आहेत. दाखला मागायला दहा माणसं आली आणि कुणाचंच नाव त्या पानावर नसलं, तर रजिस्टर उत्तम आहे असं सगळे म्हणतील. अकराव्याचं नाव नेमकं त्या पानावर निघालं, की त्याच्या दाखल्यात चूक. त्यात ना त्या माणसाचा दोष, ना दाखला लिहिणाऱ्याचा. रॅमचंही तसंच. त्या खराब कणावर आज वर्डची ओळ येते, उद्या ब्राउझरची. जो तिथं पोहोचतो तो पडतो, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं, हा लहरीपणा आहे.

विंडोजमध्ये मेमरी तपासायची एक सोय असते, विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक. ती चालवली तर ती म्हणाली, सगळं ठीक. पण थोड्या वेळात होणारी तपासणी पुरेशी असतेच असं नाही. मग मेमटेस्ट ८६ नावाची मोफत तपासणी पेन ड्राइव्हवर घेतली. ती विंडोज सुरू होऊच देत नाही, आधी स्वतः उठते आणि मेमरीच्या कणाकणावर लिहून परत वाचून बघते. पवित्र सप्ताहातल्या सोमवारी रात्री ती लावून आम्ही घरी गेलो. मंगळवारी सकाळची मिस्सा झाल्यावर ऑफिस उघडलं, तर पडद्यावर लाल ओळीच ओळी.

आमच्या लॅपटॉपमध्ये रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. एक मूळची, ४ जीबीची. दुसरी नंतर बसवलेली, ८ जीबीची. लॅपटॉप बंद करून, चार्जर आणि बॅटरी काढून, एक पट्टी बाहेर घेतली. फक्त मूळची ठेवून चार फेऱ्या तपासणी केली, एकही चूक नाही. मग मूळची काढून दुसरी त्याच खाचेत लावली. पहिल्याच फेरीत लाल ओळी. खाच तीच होती, त्यामुळे दोष पट्टीचाच.

ती पट्टी नाताळच्या आधीच्या आठवड्यात आम्ही तिघांनी बसवून घेतली होती.

लॅपटॉप हळू चालतो म्हणून तिघांनी पैसे काढले. वापरलेली पट्टी होती, बिल नव्हतं, पण स्वस्तात मिळाली म्हणून आम्ही खूश होतो. नाताळच्या पत्रकात आमचे आभार छापून आले होते. मिस्सेनंतर फादरांनी नावं घेतली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते आभाराचं पत्रकही त्याच लॅपटॉपवर टाइप केलं होतं.

मंगळवारी सकाळी आम्ही तिघं त्या बोटभर लांबीच्या हिरव्या पट्टीकडे बघत बसलो. "हल्ली यावर कुणी काही घातलं होतं का?" या प्रश्नाचं खरं उत्तर आम्हीच होतो. बदलांची यादी करताना कीबोर्ड लिहिला, अपडेट लिहिली, प्रिंटर बदलला तेही लिहिलं. आपण केलेला बदल लिहायचं सुचलंच नाही, कारण ते आमच्या लेखी बिघाडाच्या यादीतलं नव्हतंच. ते दानधर्माच्या यादीतलं होतं.

संत इग्नाती लोयोला हे येशूसंघाचे संस्थापक. त्यांचं 'आध्यात्मिक साधना' हे पुस्तक १५४८ साली छापलं गेलं. त्यात आत्मपरीक्षणाची एक पद्धत सांगितली आहे, आणि ती ऐकून आमच्या वहीची आठवण व्हावी अशी आहे. सुधारायचा एकच दोष निवडायचा. रोजच्या दोन रेघा आखायच्या. दुपारी एकदा आणि रात्री एकदा आठवून, जितक्या वेळा तो दोष घडला तितके ठिपके रेघेवर मांडायचे. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी ताडून बघायची, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा गेल्या आठवड्याशी. आम्ही तरुणपणी साधनेत हे ऐकलं तेव्हा हसलो होतो, की पापांचा काय हिशेब ठेवायचा. आता कळलं की तो हिशेब शिक्षेसाठी नसतो. नोंद नसली की माणूस आपल्या सोयीचं तेवढंच आठवतो. २७ डिसेंबर विसरतो आणि ११ जानेवारी लक्षात ठेवतो.

आणखी एक काम राहिलं होतं. खराब मेमरी नुसते प्रोग्रॅम पाडत नाही. फाइल साठवताना तिच्यातून चुकीची अक्षरंही गुपचूप डिस्कवर जाऊ शकतात. म्हणून डिसेंबरनंतर टाइप केलेला प्रत्येक दाखला आम्ही कागदी रजिस्टरशी ताडून बघितला. दाखले बरोबर निघाले, देवाची कृपा. दोन फोटो आणि एक जुनं पत्रक मात्र उघडेना. लॅपटॉप सुधारला म्हणजे आधी बिघडलेलं आपोआप सुधारत नाही. एकेक फाइल उघडून बघावी लागते.

तेव्हा आठवलं, आमच्या तोंडून निघालेला तो आरोप कुठे कुठे साठवला गेला होता. फादरांच्या मनात, गायनमंडळाच्या दोघांच्या मनात, तिथून आणखी किती घरांत देव जाणे. आणि त्या मुलाच्या मनात.

पवित्र गुरुवारी आम्हाला वेदीची तयारी करायची होती. मत्तयच्या पाचव्या अध्यायात प्रभूनं सांगितलं आहे, की वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. आमचं तर दानच बिघडलेलं निघालं होतं. म्हणून बुधवारी संध्याकाळी तिघंही त्याच्या घरी गेलो.

दार त्याच्या आईनं उघडलं. तिनं पाणी दिलं, पण बोलली कमी. तो आतून आला. आम्ही सगळं सांगितलं. २७ डिसेंबर, लाल ओळी, आमची पट्टी. "बाळा, आमचं चुकलं. चारचौघांत बोललो, चारचौघांतच माफी मागू."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अंकल, मला ठाऊक होतं ते कीबोर्डनं होत नाही. मी शोधून काढलंही असतं. पण तुम्ही विचारलंच नाही, तुम्ही सांगितलंत."

यावर आम्ही काय बोलणार? आईनं चहा आणला. चहा पिऊन आम्ही निघालो. सगळं लगेच गोड झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. दारापर्यंत सोडायला तो आला नाही, आई आली.

गुरुवारी, पाय धुण्याच्या विधीआधी, ऑफिसात फादर आणि गायनमंडळाच्या त्याच दोघांसमोर आम्ही घडलेलं सांगितलं. पुनरुत्थानाच्या रविवारच्या पत्रकात चार ओळी छापल्या. नाताळच्या पत्रकात आभार जितक्या मोठ्या अक्षरांत होते, तेवढ्याच अक्षरांत. त्या मुलाची परवानगी घेतली होती. तो म्हणाला, नाव नको, म्हणून नाव घातलं नाही.

पवित्र सप्ताहाचं सगळं काम लॅपटॉपनं मूळच्या ४ जीबीवर केलं. बैलगाडीसारखा चालला, एक फाइल उघडायला जपमाळेचं एक दशक पुरं व्हायचं. पण एकदाही बंद पडला नाही. ईस्टरनंतर बिल आणि वॉरंटी असलेली नवी पट्टी घेतली, आणि आधी एक रात्र तपासून मगच काम सुरू केलं.

ईस्टरनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी तो आला. सायकल भिंतीला टेकवली, बसला, कीबोर्ड परत घातला, तिन्ही भाषांत एकेक ओळ टाइप करून बघितली. आम्ही वही पुढे केली. त्यानं ती पहिल्या पानापासून वाचली. म्हणाला, "हे बरं केलंत." चहा घेतला. जाताना म्हणाला, "आता फक्त गुरुवारी येईन, आंटी. बाकीचे दिवस जमणार नाही." पूर्वी तो आठवड्यातून चार दिवस यायचा. आम्ही म्हटलं, "तू येशील तेव्हा ये."

तुमच्यापैकी कुणाचा लॅपटॉप असा वेड्यासारखा बंद पडत असेल, तर घाबरू नका आणि लगेच नवीन घेऊ नका. आधी कामाच्या फाइलींची एक प्रत दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. दर पाच-दहा मिनिटांनी कंट्रोल आणि एस दाबायची सवय लावा. रोजनिशीचा तक्ता उघडून पहिली फुली कधीची आहे ते बघा. त्याआधी काय काय बदललं त्याची यादी करा, आणि यादीत पहिलं नाव स्वतःचं लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार दिवस शांत गेले म्हणून रोग बरा झाला असं धरू नका, भरपूर काम करून बघा. आणि पडणारा प्रोग्रॅम दर वेळी वेगळा असेल, तर मेमरी तपासा.

घरात, पॅरिशमध्ये, कमिटीत काही सारखं बिघडत असेल तर? तिथंही हेच करून बघा, असं आम्ही भीत भीत सुचवतो. आज सून, उद्या शेजारी, परवा फादर, असा दर वेळी नवा माणूस दोषी निघत असेल, तर ते सगळे ज्यावर उभे आहेत ते एकदा तपासून बघावं. कदाचित ते आपणच बसवलेलं असेल, आणि त्याबद्दल आपल्याला टाळ्याही मिळाल्या असतील.

या आठवड्यात रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं वही घेऊन बसू या. आज मी कुणाला दोष दिला? त्याला आधी विचारलं होतं का? त्या गोष्टीत माझा हात कुठे होता?

हे प्रभू येशू, तू आमची अंतःकरणं जाणतोस. दोष शोधताना आमचा हात आधी दुसऱ्याकडे वळतो, त्याला क्षमा कर. आमच्या यादीत आमचं नाव लिहिण्याचं धैर्य आम्हाला दे. आमच्या बोलण्यानं जे दुखावले गेले त्यांना तू सांभाळ, आणि त्यांच्या दारापर्यंत जाण्याचं बळ आमच्या पायांना दे. ज्या तरुण हातांनी तुझ्या घराची सेवा मुकाट्यानं केली, त्यांना आशीर्वाद दे. आमेन.